सही आणि खुर्ची

केळझरच्या गणपतीपुढे चाफल्यांचे रोडगे, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं जेवण, दर वर्षी माघात होत. १९८२ साली फेब्रुवारीतला दुसरा रविवार ठरला, आणि त्या वर्षी अण्णाजींनी गावातल्या कोणालाच बोलावलं नाही. बेलखेडीहून दोन बैलबंड्या निघाल्या त्या घरच्याच माणसांच्या.

देवळाच्या टेकडीखाली आंब्याच्या झाडांत चूल मांडली. अण्णाजींच्या पत्नी आनंदाबाई परातीत कणीक मळत होत्या. त्यांनी धाकट्या जावेला हळूच विचारलं, "काऊन वं मनकर्णा, औंदा शेजारपाजाऱ्याइले टाळलं यायनं. काई बोलाचं हाये वाटते."

"शाळेचंच असन," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि गोळ्याला तुपाचं बोट लावून त्यांनी पुढचा थर लाटायला घेतला.

शाळेचंच होतं. बेलखेडीची शाळा अण्णाजींनी अठ्ठावन्न साली गावकऱ्यांना धरून काढली, आणि संस्थेचे अध्यक्ष आजही तेच होते. त्यांचे धाकटे भाऊ वासुदेवराव, म्हणजे मनकर्णाबाईंचे यजमान, पहिल्या दिवसापासून तिथे गणिताचे मास्तर. हेडमास्तर प्रभाकरराव जूनअखेर निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांच्या खुर्चीवर वासुदेवरावच बसणार हे गावानं केव्हाच धरून ठेवलं होतं. पण खाजगी शाळांचे नवे नियम आले होते. हेडमास्तर पदवीधर हवा, बी.एड. हवा, आणि पाच वर्षं शिकवलेलं हवं. वासुदेवराव बी.एस्सी. होते, चोवीस वर्षं शिकवत होते, पण बी.एड. नव्हते. संस्थेनं त्यांचं नाव शिक्षण खात्याकडे पाठवलं होतं. गुरुवारी ते परत आलं. पात्र शिक्षकांमध्ये जो सेवाज्येष्ठ असेल त्याचं नाव ठराव करून कळवा, एवढंच पत्रात होतं.

अण्णाजींनी पात्र शिक्षकांची यादी काढून बघितली. पहिलं नाव होतं सौ. नलिनी चंद्रभान चाफले. वासुदेवरावांची सून. दुसरं नाव बबनराव वाघमोड्यांचं. ते बाहेरगावचे आणि अण्णाजींच्या विरुद्ध पार्टीत उठबस असलेले.

नलू त्या वेळी विहिरीवरून पाणी आणत होती. तिला पत्राची बातमी शाळेतच कळली होती, पण घरात कोणी तिच्याशी तो विषय काढला नव्हता. सासरे रोज तिच्याबरोबर सायकलनं शाळेत जात. ते गेले तीन दिवस थोडे पुढे राहून सायकल चालवत होते.

*

रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरले आणि वर राख ओढली, की पुरुषांना तासभर करण्यासारखं काही उरत नाही. अण्णाजी याच तासाची वाट बघत होते.

सतरंजीवर ते मधे बसले. एका बाजूला वासुदेवराव, दुसऱ्या बाजूला चंद्रभान. पुतण्या सेलूच्या खरेदी-विक्री संघात कारकून होता आणि कागदपत्रं त्याला कळत. बायका चुलीपाशी, ऐकू येईल इतक्या अंतरावर वांगी चिरत होत्या.

"मंगळवारी संस्थेची सभा हाये," अण्णाजी म्हणाले. "बबनराव हेडमास्तर झाला त शाळा आपल्या हातची गेली. म्हून ठरावात नाव नलूचं टाकू. कागदावर ती. पगारपत्रकावर, टपालावर सह्या ती करन. बाकी समदं वासुदेव पाहीन. ऑफिसात खुर्चीवर तोच बसन, टाईमटेबल तोच लावन, मास्तरायले तोच सांगन. खात्याचंबी झालं अन् आपलंबी झालं."

चंद्रभानच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. तीन दिवस त्याला झोप लागली नव्हती. एका बाजूला बाप, एका बाजूला बायको. "हे बरं हाये, मोठे बाबा," तो म्हणाला. "सही हिची, खुर्ची बाबाची. कोणाचंच काई जात नाई."

अण्णाजींनी भावाकडे पाहिलं. वासुदेवराव एक काडी घेऊन मातीत रेघा ओढत होते.

या भावाविषयी अण्णाजींच्या मनात एक गोष्ट अठरा वर्षं बसून होती. त्रेसष्ट साली वासुदेव बिनपगारी रजा घेऊन नागपूरला बी.एड.ला गेला. पुढच्या मार्चमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. अण्णाजींनी तार केली, वासुदेव आला, एप्रिलमध्ये वडील गेले, आणि बी.एड. राहिलं ते राहिलंच. आपण तार केली नसती तर, हा विचार अण्णाजींच्या डोक्यातून कधी गेला नव्हता. वाटण्या झाल्या तेव्हा बोरच्या कालव्याखालचं वावर त्यांनी न मागता धाकट्याला दिलं होतं. आनंदाबाई त्यावरून महिनाभर भांडल्या होत्या.

"वासुदेव, तुह्यं काय म्हणणं हाये?"

"तुमी ठरवान तसं," वासुदेवराव म्हणाले.

"मंग झालं. नलू!" अण्णाजींनी आवाज दिला. "इकडं ये बाई."

*

नलू पदर सावरून सतरंजीच्या कडेला उभी राहिली. मोठे सासरे तिला सगळं पुन्हा सांगत होते आणि ती ऐकत होती. ऐकलेलंच होतं सगळं. वांगी चिरता चिरता तिनं उत्तरही तयार केलं होतं. फक्त ते इतक्या माणसांसमोर बोलायचं म्हणजे काय, हे तिला आता समजत होतं.

"मोठे मामाजी," ती म्हणाली, "मले जमणार नाई."

"काय जमणार नाई? हेडमास्तर होनं?"

"हेडमास्तर होनं जमन. नुसती सही करनं जमणार नाई."

आनंदाबाईंचा विळीवरचा हात थांबला.

"सही केली की जबाबदारी माझी," नलू म्हणाली. "पोरांच्या हजेरीत खोट निघाली, परीक्षेत काही झालं, तर विचारणार मला. मी काय सांगू? खुर्चीवर दुसरं कोणी बसते म्हणून? सही माझी असली तर खुर्चीबी माझी पाहिजे. नाहीतर माझा लेखी नकार घ्या अन् बबनरावांचं नाव पाठवा."

"नलू!" चंद्रभान उठून उभा राहिला. "कोणाशी बोलून राह्यली तू? बाबा हायेत ते. सासऱ्याले हुकूम देशीन शाळेत?"

"घरी हुकूम कोणी दिला का आजपर्यंत? शाळेतबी हुकूम नाई, काम सांगीन. मामाजींना काम सांगायची वेळ येणारच नाई, ते सांगण्याआधी करतात."

"गोड बोलू नको. लोक काय म्हणतीन? बाप सुनेपुढं मस्टरवर सही करून राह्यला!"

"मग तुमीच सांगा," नलू त्याच्याकडे वळली. "तुमच्या संघात मॅनेजरच्या जागी दुसराच माणूस बसून कागद पास करते म्हटलं, तर तुमी सही कराल?"

चंद्रभान तसा अन्यायी माणूस नव्हता. प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर त्याला माहीत होतं. तो पुन्हा खाली बसला, पण बायकोकडे न बघता.

अण्णाजींचा चेहरा तांबडा झाला. "पोरी, हे शाळा चालू झाली तवा तू लहान लेकरू होती. सहा खोल्याइच्या विटा या माणसानं डोक्यावर वाह्यल्या. अन् याचं बी.एड. काऊन राह्यलं, ठाऊक हाये तुले? या घरानं खाल्लं ते. मी तार केली म्हून तो आला. परीक्षा टाकून आला. आता कुठं या घराले फेडाची वेळ आली, त तू नियम सांगतं!"

ही गोष्ट लग्न होऊन आल्यापासून नलूनंही दहादा ऐकली होती.

आनंदाबाई चुलीपाशून म्हणाल्या, "तिनं नकारच लिहून द्यावा. बाहेरचा आला त आला. घरात त आग लागणार नाई." आणि जावेकडे पाहून त्या पुढे म्हणाल्या, "नाई का वं?"

मनकर्णाबाईंनी विळी बाजूला ठेवली. लग्नाला तीस वर्षं झाली होती. या तीस वर्षांत त्या भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, समोरासमोर एक वाक्य बोलल्या नव्हत्या. जे सांगायचं ते जावेला ऐकवायचं आणि त्यांनी ते पुढं पोचवायचं. आता त्या उठल्या, डोईवरचा पदर पुढे ओढला, आणि सतरंजीच्या कडेशी सुनेच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"अण्णाजी," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की वासुदेवरावांनी मान वर केली. "ही वर्ध्याले बी.एड.ले जात होती, तवा लेकरू आठ महिन्याचं होतं. सकाळच्या मोटारीनं जाये अन् दिवे लागल्यावर ये. लेकरू रडे त मी वाटीनं दूध पाजो. वर्षभर पाजलं. ते म्या सहीपुरत्या बाईसाठी नाई केलं."

अण्णाजी म्हणाले, "मनकर्णाबाई, तुमच्याच मालकाचं पाहून राह्यलो मी."

"मले माहीत हाये."

"मंग? त्याचं गेलेलं त्याले भेटू नाई?"

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली. पण वासुदेवरावांना त्या नजरेतलं सगळं समजलं. हिला माहीत आहे. आपल्याला वाटत होतं की जगात हे कोणालाच माहीत नाही, आणि हिला कदाचित पहिल्यापासून माहीत आहे.

*

वासुदेवरावांनी हातातली काडी टाकली.

"दादा," ते म्हणाले. चारचौघांत ते भावाला अण्णाजी म्हणत. दादा हे लहानपणचं होतं. "मी परीक्षा टाकून नाई आलो."

"म्हणजे?"

"तुमची तार आली त्याच्या आठ दिवस आधी माह्ये शेवटचे पाठ, म्हणजे परीक्षकासमोर शिकवून दाखवाचं, झालते. लेखी परीक्षा बाबा गेल्यावर, मे महिन्यात मी जाऊन देल्ली. तुमाले सांगतलं, खोली खाली करायले जातो. लेखीत पास झालो. पाठात नापास झालो."

एक बैल घंटा वाजवत मान हलवत होता.

"नागपूरची एक शाळा होती. आठवीचा वर्ग. मागं दोन परीक्षक बसलेले," वासुदेवराव सांगत होते. सांगताना त्यांना तो वर्ग दिसत होता. उंच खिडक्या, शहरातली इस्त्री केलेली पोरं. "टाचण काढलं होतं, तक्ता केला होता. प्रस्तावना पाच मिनिटं, मग विषय, मग फळ्यावर उदाहरणं, सारं वाटून देल्लेलं. पहिलंच उदाहरण मांडलं अन् एक पोरगा हसला. मले वाटलं माह्या बोलण्याले हसला. 'मले' म्हटलं असन मी, नाई त 'काऊन' म्हटलं असन. मंग तोंड बंद पडलं. एकही शब्द फुटेना. फळ्याकडं तोंड करून मी पूर्ण तास नुसतं लिहीत गेलो. पोराइकडं वळलोच नाई."

"पुन्हा देता येत होती न परीक्षा," चंद्रभान हळू आवाजात म्हणाला.

"दोन वर्षं येत होती. दोन्ही वर्षं फॉर्म आणला. एकदा नागपुरात बर्डीपर्यंत गेलो अन् तिथूनच मोटारीत बसून परत आलो." वासुदेवरावांनी भावाकडे पाहिलं. "तुमी ज्याले त्याले सांगत गेले, माह्यापायी पोराचं बी.एड. गेलं. अन् मले ते सोपं पडलं. दर वेळी वाटे, आता सांगाव. कालव्याखालचं वावर देल्लं तवा त तोंडात आलतं. नाई सांगतलं."

अण्णाजी उठले. चपला पायात सरकवल्या आणि कोणाकडे न पाहता टेकडीच्या पायऱ्या चढू लागले. सत्तरीला आलेला माणूस, दर दहा पायऱ्यांवर थांबत होता. चंद्रभान मागे जायला निघाला तर आनंदाबाईंनी त्याला हातानं थांबवलं.

"जाऊ दे. येतीन," त्या म्हणाल्या. मग डोळ्याला पदर लावून त्या एकदम हसल्या, रागानं की कशानं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "वावरापायी महिनाभर भांडली मी. अन् हे मास्तर नापास!"

नलू तिथेच उभी होती. तिला सासऱ्यांच्या तासाला वर्गाबाहेर उभं राहून ऐकण्याची सवय होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती चोरून तशी उभी राहत असे. ज्या पोरांना दुसरा मास्तर शेवटच्या बाकावर बसवून विसरून जाई, ती पोरं यांच्या तासाला फळ्यापाशी येऊन चुकायला तयार असत. बी.एड.च्या वर्षात तिला एवढं कोणी शिकवलं नव्हतं. तिला ते सांगायचं होतं. पण आता सांगितलं तर ते सांत्वन वाटेल, म्हणून ती निखाऱ्यांपाशी गेली आणि चिमट्यानं एकेक रोडगा बाहेर काढून राख झटकू लागली.

मनकर्णाबाई नवऱ्याजवळ बसल्या.

"तुले कसं कळलं?" वासुदेवरावांनी विचारलं.

"निकालाचं कार्ड आलतं. पोस्टमन माह्याच हाती देऊन गेला. चवथी शिकली मी, नापास वाचता येते." मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी सांगान म्हून वाट पाह्यली. मंग लेकरं मोठी झाली, राहून गेलं."

*

अण्णाजी तासाभरानं उतरले. कपाळाला शेंदूर होता. ते येऊन पानावर बसले आणि म्हणाले, "वाढा. भाजी थंडी होऊन राह्यली."

जेवणं झाली. कोणी शाळेचं नाव काढलं नाही. भांडी घासून बंड्या जुंपताना अण्णाजींनी चंद्रभानला बायकांच्या बंडीवर बसवलं आणि आपली बंडी स्वतः हाकायला घेतली. शेजारी वासुदेवराव. डांबरी सडक सोडून बंडी पांधणीच्या कच्च्या वाटेला लागली.

"मले काऊन नाई सांगतलं?" अण्णाजींनी विचारलं. बैलांकडे पाहत विचारलं.

"तुमी म्हटलं असतं, पुन्हा जा."

"हो, म्हटलं असतं. हात धरून नेलं असतं."

"म्हूनच नाई सांगतलं."

अण्णाजींनी कासरा ढिला सोडला. वाट बैलांना माहीत होती. "अठरा वर्षं," ते म्हणाले. "झोपेतून उठून मले ते तारघर दिसे. तुले नाई माहीत."

"आज समजलं."

"वावर मी वापस नाई मागत."

"मागा. द्यायले तयार हावो मी."

"चूप बैस," अण्णाजी म्हणाले. गावची घरं दिसू लागल्यावर, त्यांनी विचारलं, "सुनेच्या हाताखाली काम करशीन?"

"पोरायले गणित शिकवनं काम हाये माह्यं. वर कोण हाये त्यानं त्रैराशिक बदलत नाई."

मंगळवारी सभा झाली. ठराव अण्णाजींनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. बबनरावांच्या बाजूच्या एका सभासदानं विचारलं, म्हणजे कारभार वासुदेवरावच पाहतील ना? अण्णाजी म्हणाले, "ज्याचं नाव ठरावात हाये तोच पाहीन. ते वाचून घ्या." वासुदेवरावांनी अनुमोदन दिलं. मे महिन्यात मान्यता आली.

*

एक जुलैला नलू खुर्चीवर बसली. पहिल्या आठवड्यात तिनं एकच नवी गोष्ट केली. घंटा झाल्यावर दहा मिनिटांनी शिक्षकांचा हजेरीपट ती स्वतःसमोर घेई आणि ज्याची सही नसेल त्याच्यापुढे लाल शाईनं उशिराची खूण करी. प्रभाकररावांच्या काळात नियम होता, पण लाल शाईची दौत कधी उघडली गेली नव्हती. पहिल्या दिवशी बबनरावांना खूण लागली. त्यांनी हजेरीपटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरच्यायलेही लावसान ना बाई?"

"लावीन," नलू म्हणाली.

पुढच्या सोमवारी वासुदेवरावांच्या सायकलचं मागचं चाक नाल्यापाशी पंक्चर झालं. नलू त्या दिवशी हिशेबाच्या कागदांसाठी तासभर आधी निघाली होती. ते चिखलातून सायकल ढकलत शाळेत पोचले तेव्हा घंटा होऊन अकरा मिनिटं झाली होती. ऑफिसात नलू होती, बबनराव होते, आणि हजेरीपट तिच्यासमोर उघडा होता. त्यांच्या नावापुढे लाल खूण होती. शाई अजून ओली होती.

वासुदेवरावांनी खिशातून पेन काढलं, खुणेच्या शेजारी सही केली, खडूची डबी उचलली आणि ते वर्गावर गेले. बबनरावही उठून गेले. नलूनं हजेरीपट मिटला तेव्हा तिच्या बोटांना लाल डाग लागला होता. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

बातमी संध्याकाळपर्यंत सेलूला पोचली होती. चंद्रभान घरी आला तो चपलाही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"बाबाच्या नावापुढं लाल खूण केली तू? पंक्चर झालतं, विचारता येत नव्हतं?"

नलूनं तव्यावरची भाकर उलटली. ओसरीवर वासुदेवराव वह्या तपासत बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "चंद्रभान, अकरा मिनिटं उशीर झालता मले. दहाची सूट हाये."

"पण बाबा..."

"मी त्या खुर्चीवर असतो त हिले लावली असती. तुह्या मायलेबी लावली असती. पाय धू अन् जेवायले बैस."

मनकर्णाबाईंनी पाट मांडले. नलूनं सगळ्यांना वाढलं. वासुदेवरावांनी नेहमीसारख्या दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी अर्धी मागून घेतली, आणि हात धुताना सुनेला विचारलं, "दहावीले भूमितीचे दोन तास वाढवता येतीन का? पाह्य."

"बघते, मामाजी. चित्रकलेचा एक काढता येईल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नलू न्हाऊन बाहेर आली तेव्हा ओसरीवर सासऱ्यांची सायकल नव्हती. शाळेला अजून दीड तास होता. तिनं सासूला विचारलं, मामाजी कुठं गेले.

"शाळेत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्हणे, हेडमास्तरीणबाई कडक हायेत."